दात भरायचा की काढायचा, हे कोण ठरवतं? (सांगली-सातारा)

कृष्णाकाठची_दंतवैद्य :

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी माझा दातांचा दवाखाना आहे. शिक्षणही याच जिल्ह्यात झालं. इथे शुगर, बीपी, गुडघेदुखी यांवर भरपूर धागे येतात. दातांवर क्वचित येतो, आणि आला तरी कोणती पेस्ट चांगली एवढ्यावर संपतो. मला थोडं वेगळं मांडायचंय.

दात किडण्याची क्रिया सगळ्यांच्या तोंडात एकसारखी असते. साखर आणि पिठूळ पदार्थांचे कण दातांवर राहतात, तिथले जिवाणू त्यांवर जगतात आणि आम्ल सोडतात. दाताभोवतीचा पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की इनॅमलमधलं, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण थरातलं, कॅल्शियम आणि फॉस्फेट विरघळायला लागतं. लाळ ते नुकसान हळूहळू भरून काढते, पण तिला त्यासाठी वेळ लागतो. दर तासाला गोड चहा नाहीतर बिस्किट तोंडात गेलं तर तो वेळ मिळत नाही. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा दिवसातून कितीदा खाल्लं, हे जास्त महत्त्वाचं. इथपर्यंत सांगली शहरातल्या विश्रामबागेतला बंगला आणि जत तालुक्यातली वस्ती यांत काही फरक नाही.

फरक पडतो तो खड्डा पडल्यानंतर. बँकेत नोकरीला असलेला माणूस गार पाणी लागायला लागलं की येतो. अर्ध्या तासात दात भरून जातो, खर्च काही शे रुपये. तासगावकडच्या द्राक्षबागेत काम करणारी बाई त्याच टप्प्यावर लवंग धरते, मग तंबाखूची चिमूट धरते, मग मेडिकलमधून गोळी आणते. छाटणीचा हंगाम असतो, रोज बुडवून चालत नाही. ती येते तेव्हा कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचलेली असते आणि गाल सुजलेला असतो. दात अजूनही वाचू शकतो, पण रूट कॅनाल आणि वर कॅप म्हणजे काही हजार रुपये आणि तीन-चार फेऱ्या. प्रत्येक फेरीला एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. मी सगळं समजावून सांगते, ती शांतपणे ऐकून घेते आणि म्हणते, "काढूनच टाका डॉक्टर."

हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकते तितकं दुसरं कुठलंच ऐकत नाही. काढलेल्या दातांतले कितीतरी वाचण्यासारखे असतात. दात काढायचा निर्णय दाताची अवस्था पाहून झालेला नसतो, हातातले पैसे आणि सुट्टी पाहून झालेला असतो. पुढे शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात, माणूस एकाच बाजूने चावायला लागतो, त्या बाजूच्या दाढाही जातात. चाळिशीतली बाई भाकरी आमटीत कुस्करून खाते, शेंगदाणे, काकडी, गाजर सोडून देते. घरच्यांना वाटतं, वय झालं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगात सुमारे साडेतीनशे कोटी लोकांना तोंडाचा काही ना काही आजार आहे, आणि त्यातले चारपैकी तीन मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. देशोदेशीच्या अभ्यासांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. हा फरक फक्त अगदी गरीब आणि अगदी श्रीमंत यांच्यातला नसतो. उत्पन्न आणि शिक्षणाच्या प्रत्येक पायरीवर खालच्याचे दात वरच्यापेक्षा जास्त गेलेले असतात. शिपायाचे कारकुनापेक्षा, कारकुनाचे साहेबापेक्षा.

तुमच्या गावात, घरात काय दिसतं ते लिहा. उपचाराबद्दलचे प्रश्नही विचारा.

मिरजकर :

डॉक्टर, लेख आवडला, पण एक मुद्दा पटत नाही. परिस्थिती कारणीभूत असते हे मान्य, पण शिस्तीचं काय? तंबाखू-सुपारीचा मावा खायला पैसे असतात, मोबाईलच्या रिचार्जला असतात, ब्रशला नसतात? आमचे आजोबा बाभळीच्या काडीने दात घासायचे. घरची गरिबीच होती. ऐंशीव्या वर्षीही ऊस सोलून खायचे. पैसा आणि दात यांचा इतका थेट संबंध असता तर त्यांचे दात कधीच गेले असते.

शाळामास्तर_वाळवा :

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार, डॉक्टर. मिरजकर, तुमच्या मुद्द्यावर माझ्या शाळेतलं सांगतो.

आमच्या भागात कारखाने सुरू झाले की बीड, धाराशिव, जालन्याकडून ऊसतोड टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. गावाबाहेर पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, पडतात. त्यांची पोरं आमच्या शाळेत येतात, काही येतच नाहीत. आईबाप पहाटे अंधारात फडात जातात. कोपीवर सात-आठ वर्षांची बहीण आणि तिच्या कडेवर दीड वर्षाचं भावंड. ते रडलं की तिच्याकडे उपाय एकच, पाच रुपयांचा बिस्किटपुडा. दिवसभर थोडं थोडं. कोरा गोड चहा आणि बिस्किट हीच न्याहारी. पाणी लांबून डोक्यावर आणायचं, ते आधी प्यायला आणि स्वयंपाकाला, दात घासायला शेवटी उरलं तर. दीड वर्षाच्या पोराने कुठली शिस्त पाळायची?

आता खरी अडचण सांगतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं. दोन डॉक्टर, नर्स, औषधनिर्माता. चांगली माणसं असतात, मन लावून तपासतात. दातही बघतात, किडलेला असेल तर नोंद करून ग्रामीण रुग्णालयात पाठवायला सांगतात. पण शाळेची तपासणी वर्षातून एकदा. पथक आलं त्या दिवशी हे पोर फडावर असतं, नाहीतर गावी असतं. आणि सापडलंच, चिठ्ठी मिळालीच, तर आईबापाने कोयता सोडून तालुक्याला जायचं कसं? एक दिवस काम बंद ठेवलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम उचलीच्या हिशोबात कापतो. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली, चांगलंच झालं, पण खाडा आहे तिथेच आहे. तोवर टोळी पुढच्या गावाला जाते. उन्हाळ्यात पोर आपल्या गावी परततं तेव्हा तिथल्या शाळेला सुट्टी लागलेली असते. नाव दोन्हीकडच्या हजेरीपटावर, आणि दाताकडे बघणारं कोणीच नाही.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. गणितात हुशार. काही दिवस एका गालावर हात ठेवून बसायची, विचारलं तर मान हलवायची. दुखतंय हे सांगितलं तर आईचा खाडा पडेल, हे तिला कळत होतं.

कृष्णाकाठची_दंतवैद्य :

मास्तर, हे लिहिलंत म्हणून या धाग्याला अर्थ आला. यात एक भर घालते. सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दातांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्या जागी आधीचा कुठलाच दात पडत नाही, त्यामुळे बहुतेक पालकांना ती दुधाचीच वाटते. किडली तरी "पडेल आणि दुसरी येईल" म्हणून सोडून देतात. दुसरी येत नाही. जन्मभर सगळ्यात जास्त चावण्याचं काम करणारी ही दाढ गरीब घरातल्या कित्येक मुलांची बाराव्या-तेराव्या वर्षीच गेलेली असते. तुमच्या मुलाच्या तोंडात आज बॅटरी मारून बघा, ही विनंती सगळ्यांनाच आहे.

मिरजकरदादा, आजोबांचे दात टिकले यात मला नवल वाटत नाही. त्यांच्या बालपणी गरिबाच्या घरात साखर सणावाराला यायची. भाकरी, कालवण, ताक, भाजी. मधल्या वेळेला काही खायचं तर शेंगा नाहीतर कणीस. काडीने दात स्वच्छ होतात, पण त्यांना वाचवलं ते त्या जेवणाने. आज स्वस्तात पोट शांत करायचं तर सगळ्यात जवळची वस्तू गोड आहे. एक रुपयाची गोळी, दोन रुपयांची पेप्सीकांडी, पाचचा पुडा. सफरचंद पाच रुपयांत मिळत नाही. आजोबांची गरिबी आणि आजची गरिबी वेगवेगळं अन्न खाते.

आक्का_खटाव :

मी काय डॉक्टर न्हाई, पण एक सांगते. आमच्याकडं बायका मिश्री लावत्यात त्यावर कुणीच लिवलं न्हाई. माझी आई लावायची, सासू लावायची, मीबी लावत हुते. तव्यावर तंबाखू काळी हुस्तवर भाजायची, चुरायची, डबीत भरायची. त्या धुराचा वास अजून नाकात हाय. सकाळी उठलं की पयली मिश्री. लावल्याबिगर परसाकडं हुत न्हाई असंच सगळ्या म्हणायच्या, आन खरंच हुयाचं न्हाई. मग भांगलायला गेल्यावर एकदा, जेवल्यावर एकदा, रातच्याला एकदा. भूक लागत न्हाई, शीण जातो.

दात घासायचं म्हणूनच सुरू हुतं बघा. पोरगी बारा-तेराची झाली, दात दुखतोय म्हणाली, की आजी म्हणती लाव चिमूटभर. तितनं लागती. माझ्या नणंदंला गालात आतनं पांढरं पडलं हुतं, दुखत न्हवतं म्हणून कुणी बघितलं न्हाई. दुखाय लागलं तवर लई उशीर झाला. तिच्यानंतर मी सोडली. सोडताना डोकं लई धरायचं, पोट साफ हुईना, चिडचिड व्हायची. कुणी सांगाय न्हवतं काय करायचं ते. डॉक्टरबाई, तेवढं लिवा.

कृष्णाकाठची_दंतवैद्य :

आक्का, तुम्ही सोडलीत आणि इथे लिहिलंत, दोन्हीबद्दल तुम्हाला नमस्कार.

मिश्रीतला तंबाखू भाजला तरी निकोटिन उरतंच, हिरडीतून थेट रक्तात जातं, म्हणून तलफ लागते. आतड्याची हालचाल निकोटिनमुळे वाढते. "मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही" हे बायकांचं सांगणं खोटं नसतं, ती सवय शरीराला जडलेली असते. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात देशातल्या प्रौढांपैकी २१.४ टक्के लोक धूररहित तंबाखू वापरणारे निघाले, स्त्रियांमध्ये १२.८ टक्के. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे. पण चुलीवरच्या तव्याला कायदा पोचत नाही.

मिश्री लावण्यात बाईचा बेजबाबदारपणा बघणं मला मान्य नाही. दिवसभर वाकून काम, पोटात अर्धी भूक, दुखण्यावर उपचार नाही, आणि या सगळ्यावर घरात फुकटात मिळणारी एकच वस्तू. ती सोडायला लावायची तर तिला काहीतरी द्यावं लागेल. एकदम जमत नसेल तर वेळा कमी करत जा. पहिली सकाळची आधी उशिरा ढकला. सकाळी दोन पेले कोमट पाणी, जेवणात भाजी आणि ताक, यांनी पोटाची तक्रार दोन-तीन आठवड्यांत बरीच सावरते. डोकेदुखी आणि चिडचिड पहिल्या आठवड्यात जास्त असते, मग उतरते. हात शिवशिवला की बडीशेप किंवा लवंग चघळा. सुपारी नको, सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत फोनसेवा आहे : १८००-११-२३५६.

आता सगळ्यांसाठी. पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्वीपेक्षा कमी उघडणं. यातलं काही दिसलं तर दुखत नसलं तरी दाखवा. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. मावा खाणाऱ्या विशी-बाविशीतल्या पोरांची दोनसुद्धा जात नाहीत. गालाची आतली कातडी सुपारीमुळे ताठ झालेली असते, आणि ती पुन्हा पूर्ववत होत नाही. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण सुपारी-तंबाखूचा मावा टपरीवर मळून मिळतोच.

भारतात पुरुषांना होणाऱ्या कर्करोगांत तोंडाचा कर्करोग सगळ्यात जास्त आढळतो. तो डोळ्यांना दिसतो, त्यासाठी मशीन लागत नाही. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक मोठा प्रयोग झाला. डॉक्टर नसलेल्या, पण शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन बॅटरीच्या उजेडात तोंडं तपासली. २००५ मध्ये त्याचे निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. तंबाखू-दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू एक तृतीयांशाने कमी झाले होते. आपल्याकडे आशाताई प्रत्येक गावात आहेत. त्यांना हे शिकवायला आणि त्याचा मोबदला द्यायला हवा. नुसतं आणखी एक काम त्यांच्या गळ्यात मारू नये.

विट्याचा_गलाईवाला :

आमचं खानापूर-आटपाडीकडचं गाव. घरटी एकजण गलाईच्या धंद्यात, कोणी तमिळनाडूत, कोणी पंजाबात, कोणी आसामात. सोनं-चांदी शुद्ध करायचं काम. भट्टी, मूस आणि नायट्रिक ॲसिड. एका खोलीत काम आणि त्याच खोलीत झोपणं, हे पूर्वी सर्रास होतं. माझ्या वडिलांचे आणि दोन्ही चुलत्यांचे पुढचे दात पन्नाशीच्या आत झिजून निम्मे झाले. कीड नाही, काळं नाही, नुसते पातळ आणि आखूड. गार पाणी पिता यायचं नाही. आम्ही समजायचो की तिकडच्या पाण्याचा दोष. ॲसिडच्या वाफेने असं होतं का?

कृष्णाकाठची_दंतवैद्य :

होतं. आम्लाच्या वाफेत काम करणाऱ्यांच्या दातांची अशी झीज व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेली आहे, बॅटरी आणि मुलामा देण्याच्या कारखान्यांत ती बरीच अभ्यासली गेली. बोलताना, श्वास घेताना ओठ उघडतात आणि वाफ पुढच्या दातांवरच येते, म्हणून पुढचे दात आधी जातात. वाफ बाहेर खेचणारा पंखा आणि धुरांडं, योग्य मास्क, कामाच्या मध्ये साध्या पाण्याने चुळा, आणि चूळ भरल्यावर लगेच ब्रश न करणं, एवढं तरी व्हायला हवं. आम्लाने मऊ झालेल्या दातावर लगेच ब्रश फिरवला तर आणखी झीज होते. फुप्फुसांसाठीही हे गरजेचं आहे. तुमच्या धंद्यातल्या संघटनांपर्यंत पोचवाल का?

विट्याचा_गलाईवाला :

दिवाळीत आणि गावच्या जत्रेला सगळे गलाईवाले गावी येतात, तेव्हा बोलतो. मालकलोक ऐकतील. ते स्वतः त्याच भट्टीवर बसून मोठे झालेत.

वस्तीवरचा :

मी भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांवर शिक्षणाचं काम करतो. पैसा आणि सुट्टी यांच्या आधी आणखी एक दार असतं, त्याबद्दल लिहितो.

पारधी वस्तीवरच्या एका तरुणाला जबड्यापर्यंत सूज आली होती. तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात घेऊन गेलो. आधी नाव विचारलं, मग वस्ती कुठली विचारलं, आणि मग डॉक्टर बाहेर गेलेत असं सांगितलं. डॉक्टर आत होते, पडद्याखालून पाय दिसत होते. मी जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, तिथे उपचार झाले, वागणूकही चांगली मिळाली. पण तो पोरगा पुन्हा स्वतःहून कुठल्या दवाखान्यात जाईल असं मला वाटत नाही.

दुसऱ्याच्या तोंडात बोटं घालायचं काम आहे हे. विटाळ सांगायची जुनी रीत इतर ठिकाणी कमी झाली असेल, इथे ती अजून लपून बसलेली दिसते. दुसऱ्या रुग्णांपेक्षा लांब बसवणं, शेवटी घेणं, नीट न बघता लांबूनच गोळ्या लिहून देणं. वस्तीवरच्या बायका डॉक्टरांसमोर तोंड उघडायला लाजतात, वास येईल म्हणून. एकदा कोणी नाक मुरडलेलं असतं, ते त्या विसरत नाहीत. मग दातातला किडा काढून देतो म्हणणारा फिरता माणूस येतो, रिंगणीच्या बियांची धुरी देतो, आणि किडे पडले म्हणून काहीतरी दाखवतो. त्याच्याकडे सगळे जातात. तो जमिनीवर त्यांच्यासोबत बसतो, नाव घेऊन हाक मारतो.

कृष्णाकाठची_दंतवैद्य :

हे वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. माझ्या पेशातल्या माणसांनी हे वाचावं म्हणून एवढंच लिहिते : निर्जंतुक केलेली अवजारं आणि हातमोजे प्रत्येक रुग्णासाठी सारखेच असतात. कोणाला लांब ठेवायला वैद्यकशास्त्रात एकही कारण नाही. वस्तीवरचा, तुमच्या लोकांना माझ्याकडे आणा. मी वस्तीवरही येईन.

मिरजकर :

मास्तरांचं आणि वस्तीवरच्या मित्राचं लिहिणं वाचलं. सवयींचा मुद्दा मी सोडत नाही. मावा विकत घेणाऱ्या धडधाकट माणसाला थोडी तरी जबाबदारी घ्यावीच लागेल. पण दीड वर्षाच्या पोराला तो लागू होत नाही, हे खरं. आता पुढचं विचारतो. एवढ्या लोकांना रूट कॅनाल तर सरकारही देऊ शकणार नाही. मग कमी पैशात नेमकं काय होऊ शकतं? आणि महात्मा फुले योजनेत हे का बसत नाही?

कृष्णाकाठची_दंतवैद्य :

महात्मा फुले जन आरोग्य योजना मुळात दाखल होऊन करायच्या मोठ्या उपचारांची आहे. तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया तिच्यात होते, पण साधा दात भरून घ्यायचा तर तिचा उपयोग नाही. म्हणजे काही शे रुपयांत थांबवता येणारा त्रास बाजूला राहतो.

सरकारी बाजू पूर्ण रिकामी आहे असंही नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात सहसा दंतवैद्य नसतो, पण ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत बऱ्याच ठिकाणी असतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले आहेत. केसपेपरचेही पैसे नाहीत. हे खूप जणांना अजून माहीत नाही. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं दुसऱ्या खात्याकडे असल्याने त्यांचे नियम वेगळे. शिवाय सांगलीत भारती विद्यापीठाचं, कवलापूरला वसंतदादा पाटील यांच्या नावाचं आणि कराडला कृष्णाचं अशी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ लागतो, पण खर्च खासगी दवाखान्यापेक्षा बराच कमी येतो. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून कागदावर आहे, त्यातून खुर्च्या आणि साहित्य येतं. अडतं ते बहुतेकदा माणसांवर आणि संपलेल्या साहित्यावर. खुर्ची आहे, दंतवैद्य आहे, आणि भरायचं सिमेंट नाही म्हणून पुन्हा दात काढणंच उरतं.

आता कमी पैशात काय होतं ते. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आवश्यक औषधांच्या यादीत दातांसाठीच्या तीन गोष्टी घातल्या : फ्लोराइडची पेस्ट, ग्लास आयोनोमर सिमेंट आणि सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. मला यातल्या शेवटच्या दोन फार महत्त्वाच्या वाटतात.

सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड म्हणजे एक थेंब द्रव. किडलेल्या खड्ड्यावर ब्रशने लावायचा. इंजेक्शन नाही, मशीन नाही, मूल रडत नाही. बऱ्याच खड्ड्यांमध्ये कीड तिथेच थांबते. वर्षातून दोनदा लावला तर जास्त चांगलं. किडलेला भाग कायमचा काळा पडतो, हे आईवडिलांना आधी सांगायलाच हवं, विशेषतः पुढच्या दातांना. दाताच्या नसेपर्यंत कीड गेली असेल, सूज असेल, तर याचा उपयोग नाही.

ग्लास आयोनोमर सिमेंटने हातातल्या साध्या अवजारांनी खड्डा साफ करून दात भरता येतो. वीज लागत नाही. शाळेच्या बाकावर, कोपीसमोरच्या खाटेवर होतं. हे सिमेंट स्वतः थोडं फ्लोराइड सोडत राहतं. मोठ्या खड्ड्यात ते फार टिकत नाही, पण लहान खड्ड्यात चांगलं टिकतं. एका फेरीत काम संपतं, आणि खाडा पडणाऱ्या माणसासाठी सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

जतची_माहेरवाशीण :

माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. माहेरी बोअरचं खारट पाणी. आमच्या गल्लीतल्या काही मुलांच्या नव्या दातांवर पिवळट-तपकिरी डाग आहेत, घासून जात नाहीत. एका मुलीचं लग्न जमताना यावरून बोलणं झालं. हे फ्लोराइडमुळे असेल का? मग फ्लोराइडची पेस्ट वापरायची की नाही?

कृष्णाकाठची_दंतवैद्य :

नुसते डाग बघून सांगता येत नाही. लहानपणी खूप ताप, कुपोषण यांमुळेही इनॅमल अर्धवट तयार होतं आणि डाग पडतात. आधी पाणी तपासा. ग्रामपंचायतीमार्फत नमुना भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत जातो. फ्लोराइड लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतात, त्यावर गेलं तर ते पाणी पिण्यात नको. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. असे डाग आठ वर्षांच्या आतल्या मुलांना, दात हाडात तयार होत असताना पडतात. निकाल येईपर्यंत लहान मुलांना पेस्ट अगदी थोडी द्या आणि गिळू देऊ नका. मुलीच्या डागांवर उपाय आहे, पुढच्या दातांवर पातळ थर लावता येतो. तिला खुशाल माझ्याकडे पाठवा. लग्न असो वा नसो, तिला हसताना पदर तोंडाला लावावा लागू नये.

शाळामास्तर_वाळवा :

डॉक्टर, शाळेत मधल्या सुट्टीत जेवण झाल्यावर सगळ्यांनी मिळून ब्रश करायचा, असं ठरवतोय. शाळा व्यवस्थापन समितीत बोललो, गावातल्या दोन सोसायट्या ब्रश-पेस्टचा खर्च द्यायला तयार आहेत. पेस्ट कुठली, किती, ब्रश ठेवायचे कसे, हे सांगा. नळ दोनच आहेत.

कृष्णाकाठची_दंतवैद्य :

वा! पेस्ट कुठल्याही नावाची चालेल, पाकिटावर १००० पीपीएम फ्लोराइड लिहिलेलं बघा. सहा वर्षांवरच्यांना वाटाण्याएवढी, अंगणवाडीतल्यांना त्याहून कमी, तीन वर्षांच्या आतल्यांना तांदळाच्या दाण्याएवढी. लाल मंजन नको, त्यातली गेरूसारखी खरखरीत पूड दात घासून पातळ करते. नळ दोन असले तरी अडचण नाही, कारण ब्रश झाल्यावर चूळ भरायचीच नाही, नुसतं थुंकायचं. फ्लोराइड दातावर राहायला हवं. झाडाच्या आळ्यात रांगेने थुंकलं तरी चालेल, वर माती टाका. ब्रश एकमेकांना न चिकटता उभे ठेवायचे, भोकं पाडलेली फळी पुरते. प्रत्येकाचं नाव किंवा खूण. तीन-चार महिन्यांनी बदलायचे.

ऊसतोडीच्या मुलांना ब्रश आणि पेस्ट शाळेत न ठेवता हातातच द्या, म्हणजे टोळी हलली तरी सोबत जाईल. आणि मी एक छोटं कार्ड करतेय : कुठली दाढ किडलीय, काय लावलं, कधी लावलं, पुढचं कधी. आईबापाजवळ राहील, म्हणजे पुढच्या गावातल्या डॉक्टरला पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. सहाव्या वर्षाच्या दाढेचं चित्र मोठं काढणार आहे, वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणून.

केजकर :

बीड जिल्ह्यातून हा धागा पहिल्यापासून वाचतोय. मी इकडच्या जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. वाळव्याच्या मास्तरांनी ज्या पोरांबद्दल लिहिलं, ती पावसाळ्यात आमच्या वर्गात असतात. डॉक्टर, ते कार्ड मलाही पाठवा. टोळ्या निघायच्या आधी, दसऱ्याच्या सुमाराला, इथल्या उपजिल्हा रुग्णालयातल्या दंतवैद्यांकडून पोरांचे दात बघून घेऊन त्यावर लिहून देता येईल. आमच्याकडची पोरं सांगली, सातारा, कोल्हापूर, कर्नाटक असं सगळीकडे पांगतात. कार्डावर जागा दोन जिल्ह्यांपेक्षा जास्त ठेवा, आणि कन्नडमध्येही छापता येईल का बघा.